गॅलरीतली पहिली बाग: ऊन, माती, पाणी आणि नवख्यांचे नेहमीचे प्रश्न

आधी ऊन बघा, झाड नंतर

नर्सरीत जाण्याआधी एक रविवार घरीच काढा. सकाळी आठला, अकराला, दुपारी दोनला आणि साडेचारला गॅलरीत डोकावून ऊन कुठवर आलंय ते बघा आणि फरशीवर खडूने रेघ मारा. संध्याकाळपर्यंत कोणत्या कोपऱ्यात किती तास ऊन येतं ते कळतं. इथे फक्त थेट ऊन मोजायचं. ‘आमच्याकडे उजेड भरपूर आहे’ हे उत्तर झाडांना चालत नाही. आपल्याला लख्ख वाटणारी खोली मोगऱ्याच्या लेखी अंधारीच असते.

ढोबळ हिशेब असा. सहा तास किंवा त्याहून जास्त ऊन असेल तर गुलाब, जास्वंद, मोगरा, टोमॅटो, मिरची, वांगी, लिंबू यातलं काहीही लावा. तीन-चार तास असेल तर कढीपत्ता, पालक, मेथी, कोथिंबीर, पुदिना, गवती चहा जमतं. तुळसही तग धरते, पण थोडी उंच, लुकडी होते. थेट ऊन अजिबातच नसेल तर मनी प्लांट, स्नेक प्लांट, झेडझेड आणि नेचे यांवर समाधान मानावं. सावलीतल्या गॅलरीत गुलाब फुलवायचा हट्ट धरला की पैसेही जातात आणि ‘माझ्या हाताला झाडं लागत नाहीत’ हा गैरसमज कायमचा होऊन बसतो.

बहुतेक जण फसतात ते दिशेवर. मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात दक्षिणेकडची गॅलरी हिवाळ्यात उन्हाने भरून जाते, पण ऐन मे महिन्यात तिथे ऊन आत शिरत नाही, कारण तेव्हा सूर्य डोक्यावर असतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत तर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच सरकलेला असतो. त्यामुळे उत्तरेच्या गॅलरीत त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं आणि थंडीत ती पूर्ण सावलीत जाते. डिसेंबरात बघून ठरवलेली जागा मे महिन्यात तशी राहत नाही. एकदा रेघा मारून झाल्या तरी ऋतू बदलला की पुन्हा एकदा बघा. पश्चिमेचं ऊन तासांत कमी भरतं पण भाजून काढतं, त्यातून समोरच्या इमारतीला काचा असतील तर विचारायलाच नको.

कुंड्या ग्रीलवर किंवा कठड्यावर ठेवणार असाल तर वजनाचा विचार आधी करा. बारा इंची कुंडी मातीने भरून पाणी घातलं की सहज वीस किलोच्या घरात जाते. कठड्यावर मोकळी कुंडी नकोच. खाली माणसं चालतात. गच्चीवर बाग करायची असेल तर सोसायटीची परवानगी आणि वॉटरप्रूफिंगची अवस्था दोन्ही आधी बघा.

नर्सरीत गेल्यावर

पहिल्या फेरीत चार-पाच झाडं पुरेत. एकदम पंधरा आणली की कोणाला काय हवंय हे कळायच्या आतच निम्मी जातात.

झाड निवडताना फुलांकडे बघू नका, पानं उलटून बघा. पानाच्या मागे, देठाच्या बेचक्यात पांढरा कापूस, चिकट थर किंवा बारीक हालणारे ठिपके दिसले तर ते झाड राहू द्या, शेजारचंही राहू द्या. डवरलेल्या झाडापेक्षा कळ्या असलेलं, आखूड पेरांचं, खालपासून फुटलेलं झाड चांगलं. कलमी गुलाब घेत असाल तर जोड कुठे आहे ते बघून ठेवा. पुढे त्या जोडाखालून जोमदार फुटवा आला तर तो खुंटाचा, म्हणजे ज्या रानटी गुलाबावर कलम बांधलं त्याचा असतो, तो मुळापासून काढायचा. नाहीतर वर्षभराने तुमच्या लाल गुलाबाचं रानटी झुडूप होतं.

पुण्याजवळ मांजरी, उरुळी कांचनकडे जाणाऱ्या सोलापूर रस्त्यावर नर्सऱ्यांची रांगच आहे, आणि प्रत्येक शहराला अशी आपापली जागा असते. पण तिथे विकायला असलेलं प्रत्येक झाड तिथेच वाढलेलं नसतं. बराच माल आंध्रात गोदावरीकाठी असलेल्या कडियमच्या नर्सऱ्यांतून ट्रकने येतो. प्रवासात मुळं सुटू नयेत म्हणून त्यांच्याभोवती चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. घरी आणून असं झाड आपण भुसभुशीत मातीत लावतो, गोळा वाळून दगड होतो, आणि वरून घातलेलं पाणी त्याच्या कडेकडेने वाहून खालच्या भोकातून निघून जातं. वरची माती ओली, आतली मुळं कोरडी. ‘रोज पाणी घालूनही वाळलं’ या तक्रारीमागे अनेकदा हाच गोळा असतो.

यावर उपाय सोपा आहे. लावायच्या आधी पिशवी कापून गोळा बादलीभर पाण्यात अर्धा-पाऊण तास ठेवा. बाहेरची माती मऊ झाली की बोटांनी हळूहळू सोडवा. वरचा पाव ते एक तृतीयांश थर निघाला तरी पुरे, मुळांपाशी झोंबाझोंबी करू नका. मग नव्या मातीत लावा आणि चार-पाच दिवस सावलीत ठेवा. गोळा साध्या मातीचा असेल तर या भानगडीची गरज नाही. आहे तसा, न फोडता लावायचा. मात्र आणल्या दिवशी लगेच लावण्याची घाई करू नका. आठवडाभर पिशवीतच तुमच्या गॅलरीच्या हवेत राहू द्या, तेवढ्यात कीड असेल तर तीही दिसते.

आणि एक. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये किंवा मुंबईत राणीच्या बागेत पुष्पप्रदर्शन भरतं, तिथून पिटुनिया, पॅन्झी, डायन्थस घेऊन लोक उत्साहाने घरी येतात. ही थंडीतली हंगामी फुलं आहेत. उन्हाळा चढला की ती संपतात. त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं.

कुंडी आणि माती

कुंडीला खाली भोक हवं, हा एकच नियम अपवादाशिवाय पाळा. सुंदर चिनीमातीची बिनभोकाची कुंडी ही कुंडी नव्हे, ते बाहेरचं भांडं; त्यात भोकवाली साधी कुंडी ठेवायची. मातीच्या कुंडीतून कडेनेही पाणी उडून जातं, त्यामुळे पाणी जास्त घालणाऱ्या हातांसाठी ती बरी. प्लास्टिकची हलकी आणि स्वस्त, पण तिच्यात ओल टिकून राहते. पालेभाजीला सहा-आठ इंच खोलीचा पसरट टब पुरतो. मिरची, तुळस, मोगरा यांना दहा-बारा इंची कुंडी, टोमॅटो आणि जास्वंदीला बारा-चौदा, लिंबू-कढीपत्त्याला शेवटी अठराची लागते. मात्र छोट्या रोपाला पहिल्याच दिवशी मोठी कुंडी देऊ नका. मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते आणि कुजते. रोपाबरोबर कुंडी वाढवत न्यायची.

मातीबद्दल कोकणातल्या आणि देशावरच्या लोकांचे अनुभव वेगळे असतात, आणि दोघांचंही बरोबर असतं. देशावरची काळी माती शेतात सोनं असली तरी कुंडीत एकटी वापरली तर पाणी घातल्यावर फुगते, चिकटते आणि वाळल्यावर तडकून मुळं तोडते. जांभ्या दगडाची लाल माती निचऱ्याला बरी, पण ओल धरत नाही आणि पोटाला फारसं देत नाही. म्हणून मिश्रण करावं लागतं. दोन भाग माती (शक्यतो लाल किंवा पोयटा), एक भाग कोकोपीट, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि बारा इंची कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. काळीच माती मिळत असेल तर तिचा एकच भाग घ्या आणि एक भाग जाड वाळू घाला. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजून साठेक लिटर होते. ती टबात फुगवून एकदा-दोनदा पाणी बदला, कारण तिच्यात क्षार असतात. शेणखत हातात घेऊन हुंगून बघा. शेणाचा वास येत असेल, गरम लागत असेल तर ते कच्चं आहे. महिनाभर तसंच ओलसर झाकून ठेवा.

कुंडी भरण्याचा क्रम:

1. भोकावर फुटक्या कुंडीचं खापर पालथं ठेवा. भोक बंद करायचं नाही, माती वाहू नये इतकंच.
2. निम्म्यापर्यंत मिश्रण भरा आणि हलकेच दाबा.
3. रोप पिशवीत जेवढ्या खोलीवर होतं तेवढ्याच खोलीवर ठेवा. खोड मातीत गाडलं तर कुजतं. टोमॅटो याला अपवाद, त्याचं खोड खोल लावलं तर तिथून नवी मुळं फुटतात.
4. बाजूने मिश्रण भरा. वर दीड-दोन इंच जागा मोकळी सोडा, नाहीतर पाणी घातलं की मातीसकट गॅलरीभर.
5. खालून थेंब पडेपर्यंत पाणी द्या.

पाणी: सगळ्यात जास्त झाडं इथेच जातात

‘किती दिवसांनी पाणी घालू?’ याला उत्तर नाही. तेच झाड जानेवारीत चार दिवस थांबतं, एप्रिलमध्ये सकाळ-संध्याकाळ मागतं आणि जुलैत आठवडाभर नको म्हणतं. नियम लावायचा तर बोटाचा लावा. तर्जनी दोन पेरं मातीत घाला. बोटाला ओलसर माती चिकटून आली तर थांबा, कोरडी आली तर पाणी द्या. पंधरा दिवसांत कुंडी किंचित तिरकी करूनच वजनावरून कळायला लागतं.

शेतकरी वाफसा येण्याची वाट बघतो, म्हणजे मातीत ओल असते पण हवाही खेळती असते. कुंडीत आपल्याला तेच साधायचं असतं, कारण मुळांनाही श्वास घ्यायचा असतो. सतत चिखलात राहिलेली मुळं गुदमरतात, मग मुळकूज लागते, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत म्हणून झाड वरून मरगळतं. नवखा माणूस ते मरगळलेलं झाड बघून आणखी पाणी घालतो. म्हणून झाड मान टाकलेलं दिसलं की झारी उचलण्याआधी बोट घाला. माती कोरडी असेल तर तहान. माती ओली आणि तरी झाड मलूल असेल तर पाणी बंद, सावलीत हलवा, माती वरवर खुरपीने मोकळी करा. वास आंबट येत असेल तर झाड काढून मऊ, तपकिरी मुळं कात्रीने छाटा आणि नव्या मातीत लावा. पांढरी, टणक मुळं उरली असतील तर ते वाचतं.

पाणी द्यायचं तेव्हा भरपूर द्या, खालून निघेपर्यंत. रोज अर्धा पेला शिंपडल्याने वरचा इंचभर भिजतो आणि मुळंही वरच्या वरच राहतात. वेळ सकाळची चांगली. एप्रिल-मेमध्ये तापलेल्या पाइपातलं पहिलं पाणी बादलीत जाऊ द्या, कुंडीत नको.

कुंडीखालच्या ताटलीत साठलेलं पाणी अर्ध्या तासाने ओतून टाका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठवणीत अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. पावसाळ्यात पालिकेचे कर्मचारी ताटल्या तपासायला उगाच येत नाहीत.

सुरुवातीची झाडं

तुळस घरोघरी असते आणि घरोघरी मरते, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर. वृंदावनाला बऱ्याचदा खाली भोकच नसतं, किंवा सिमेंटने बुजलेलं असतं. आधी ते मोकळं करा. मग पूजेकडे बघा. रोज तांब्याभर पाणी, एकादशीला दूध, वर हळदकुंकू, मातीत खोचलेली उदबत्ती आणि पानांना चिकटून ठेवलेला दिवा. दिव्याकडच्या बाजूची पानं कडेने तपकिरी, कागदासारखी झालेली असतात, जवळ जाऊन बघा. घरातल्या मोठ्यांशी वाद घालायची गरज नाही. पळीभर पाण्याने पूजा होते, दिवा वीतभर लांब ठेवता येतो, आणि दूध-हळदकुंकू वृंदावनाच्या पायाशी वाहता येतं. दुधाने मातीला वास येतो, मुंग्या लागतात आणि बुरशी धरते.

तुळशीच्या मंजिऱ्या कोवळ्या असतानाच खुडा. बी धरलं की झाडाच्या दृष्टीने काम झालेलं असतं, मग पानं बारीक होतात आणि खोड लाकडी बनतं. दोन-चार मंजिऱ्या मात्र वाळू द्या, आणि त्या तळहातावर चोळून बी ओल्या मातीवर नुसतं भुरभुरवा, खोल पुरू नका. कुंडीतली तुळस दोन-तीन वर्षं जगली तर पुष्कळ झालं, त्यामुळे पुढचं रोप कायम तयार ठेवावं. नाशिक-पुण्याच्या थंडीत ती पानं गाळते, तेव्हा घाबरून खत घालू नका.

कढीपत्त्याचं दुखणं वेगळं. फोडणीसाठी खालची पानं ओरबाडत गेलं की वर झेंडा आणि खाली काठी असं झाड होतं. शेंडा खुडा. एका शेंड्याच्या जागी दोन-तीन फुटवे येतात आणि झाड घेरदार होतं. डिसेंबर-जानेवारीत तो झोपतो, पानं पिवळी पडून गळतात. तेव्हा पाणी कमी करा. फेब्रुवारीच्या शेवटी हलकी छाटणी आणि दोन मुठी शेणखत दिलं की मार्चमध्ये कोवळी, तांबूस पालवी फुटते. फुलांचे गुच्छ आले तर कापून टाका, आपल्याला पानं हवीत. बियांपासून करायचा असेल तर काळी पिकलेली फळं घ्या, गर काढा आणि लगेच लावा. वाळवून ठेवलेलं बी उगवत नाही. ताक घातल्याने कढीपत्ता वाढतो असं सगळे सांगतात. महिन्यातून एकदा वाटीभर आंबट ताक पाण्यात पातळ करून घातलं तर बिघडत काहीच नाही, पण खरा फरक कात्रीने पडतो.

त्याच्या पानांवर कधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी काळीपांढरी अळी सापडते, ती मोठी झाली की हिरवीगार होते. ती फुलपाखराची. लिंबू आणि कढीपत्ता एकाच कुळातले, आणि आपलं राज्य फुलपाखरू राणी पाकोळी (ब्लू मॉरमॉन) याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. झाड मोठं असेल तर दोन अळ्यांचं जेवण त्याला परवडतं. छोटं रोप असेल तर अळी उचलून दुसरीकडे ठेवा.

मोगऱ्याला फुलं येत नसतील तर दोनच प्रश्न विचारा: ऊन किती, आणि छाटला कधी? डिसेंबरात पाणी अगदी कमी करून त्याला ताण द्या, जानेवारीत निम्म्यापर्यंत छाटा, राहिलेली पानं काढा, माती मोकळी करून खत घाला आणि मग पाणी सुरू करा. नव्या फुटव्यांच्या टोकाला कळ्या येतात, म्हणून जुन्या फांद्या जपून ठेवण्यात अर्थ नाही. गुलाबाची मोठी छाटणी आपल्याकडे पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये करतात. शेवंतीची गंमत अशी की तिला लांब, अखंड अंधारी रात्र लागते, तेव्हाच कळ्या धरतात. रस्त्याचा दिवा किंवा गॅलरीतला बल्ब रात्रभर तिच्यावर पडत असेल तर हिरवीगार शेवंती फुलाविना उभी राहते. जागा बदलून बघा.

भाजीत पहिली लावायची ती मेथी. वाण्याकडची मेथी रात्रभर भिजवून टबात पसरायची, वर अर्धा सेंटिमीटर माती. तीन-चार दिवसांत उगवते आणि पंचवीस-तीस दिवसांत भाजी. कोथिंबिरीला धीर लागतो. धणे लाटण्याने हलके रगडून दोन डाळी करा, रात्रभर भिजवा, लावा. उगवायला आठ-बारा दिवस लागतात, आणि या काळात माती वाळू द्यायची नाही. मे महिन्यात कोथिंबीर लावली तर उगवली तरी लगेच फुलावर जाते. पुदिना बाजारातल्या जुडीतलाच. जाड काड्या पाण्यात ठेवल्या की आठवड्यात मुळं फुटतात.

पानं पिवळी पडताहेत

कोणती पानं, हे आधी बघा. फक्त अगदी खालची एक-दोन जुनी पानं पिवळी होऊन गळत असतील तर ते वयाने. खालची सगळीच पानं फिकट होत वर सरकत असतील तर नत्र कमी पडतंय, खत द्या. सगळीकडून, मऊ होऊन पिवळी आणि माती ओली, तर पाणी जास्त झालं. शेंड्याची नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या राहिल्या असतील तर लोह मिळत नाही. बोअरच्या जड पाण्याच्या सोसायट्यांत हे हमखास दिसतं, कुंडीच्या कडेला आणि मातीवर पांढरा थरही असतो. तो वरचा थर खरवडून टाका, जमेल तेव्हा पावसाचं पाणी द्या, कुजलेलं खत वाढवा, आणि तरी फरक पडला नाही तर कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह मिळतं, ते पाकिटावरच्या प्रमाणात फवारा.

कीड

जास्वंदीवरचा पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, सगळे त्याला मिलीबग म्हणतात. हा कोवळ्या शेंड्यात आणि कळीच्या देठाशी बसून रस पितो, मागून गोड चिकट पाणी सोडतो, त्यावर मुंग्या येतात. मुंग्या त्याला झाडावरून झाडावर नेतात आणि त्याच्या शत्रूंना हुसकावतात. त्यामुळे कुंडीवर मुंग्यांची ये-जा दिसली की शेंडे तपासा.

आधी जास्त भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, खतात नको. मग पाण्याचा जोराचा फवारा पानांच्या मागे मारा. निम्मं काम इथेच होतं. थोडेच असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा. त्यानंतर लिटरभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब, मग 5 मिली नीम तेल, चांगलं हलवून संध्याकाळी फवारा. भर उन्हात मारलं तर पानं भाजतात. पाच-सात दिवसांच्या अंतराने किमान तीनदा करा. एकदा मारून थांबलं तर अंड्यांतली पुढची पिढी जैसे थे. मावा आणि पांढरी माशीसाठीही हेच, माशीसाठी जोडीला पिवळं चिकट कार्ड टांगा.

मिरचीची पानं वाकडीतिकडी, आखूड होऊन चुरगळली की त्याला बोकड्या म्हणतात. पानाच्या कडा वर वळल्या असतील तर बहुधा फुलकिडे (थ्रिप्स), खाली वळल्या असतील तर कोळी (माइट). विषाणूनेही असंच होतं. चुरगळलेला भाग छाटून दोन-तीनदा नीम फवारूनही नवी पालवी तशीच आली, तर झाड उपटून टाका. एका मिरचीच्या मायेपोटी बाकीच्या चार गमावू नका.

खत: घरातलं आणि विकतचं

केळीची सालं, अंड्याची टरफलं, चहाचा चोथा हे थेट कुंडीत खुपसू नका. कुजताना ते माशा आणि मुंग्या बोलावतात. आपल्या चहाच्या चोथ्यात दूध-साखर असते. धुऊन, वाळवून मग वापरा. टरफलं कुटली तरी वर्षभर तशीच दिसतात. तांदूळ धुतलेलं पाणी ताजं असताना घातलं तर चालतं.

ओल्या कचऱ्याचं खत करणं हाच पक्का रस्ता. कडेला आणि तळाला भोकं पाडलेली बादली घ्या, तळाला वाळकी पानं, मग रोज एक वाटी भाज्यांची देठं-सालं आणि दोन वाट्या वाळका पालापाचोळा किंवा कोकोपीट. आठवड्यातून दोनदा ढवळा. घाण वास आला तर ओल जास्त, सुकं घाला. काहीच होत नसेल तर पाणी शिंपडा. शिजवलेलं, तेलकट, मटण-मासळी नको. मधे राखाडी जाड अळ्या वळवळताना दिसतील, त्या खत लवकर करतात, मारू नका. दीड-दोन महिन्यांत मातीसारखा वास आणि रंग आला की चाळून घ्या.

सुकं मिळायची आणखी एक जागा म्हणजे रसवंती. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर शेती करण्याची पद्धत रुजवली, तिच्यात उसाची चिपाडं भरपूर वापरली जातात. माती कमी लागते आणि वजनही हलकं राहतं. उन्हाळ्यात गुऱ्हाळवाल्याकडे पोतंभर सहज मिळतात. नीट वाळवून, तुकडे करून कुंडीच्या खालच्या तिसऱ्या भागात भरा. ती कुजत जाईल तशी माती खाली बसते, वरून भर घालत राहायचं.

विकतचं खत विष नव्हे. ‘एकोणीस-एकोणीस’ (19:19:19, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) एका लिटर पाण्याला 2 ग्रॅमपेक्षा जास्त नको, पंधरा दिवसांतून एकदा, तेही ओल्या मातीत. कोरड्या मातीत किंवा आजारी झाडाला कोणतंच खत देऊ नये.

पावसाळा आणि मे महिना

जूनच्या सुरुवातीला, मृग लागायच्या सुमारास ताटल्या काढून ठेवा आणि कुंड्या विटांवर उचला म्हणजे भोकं मोकळी राहतात. मुंबई-कोकणात संततधारेने खत वाहून जातं, म्हणून जुलैत थोडं थोडं पण वारंवार द्या. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन वेचा. त्यांच्यावर मीठ टाकायचं तर ते कुंडीत नव्हे, मिठाने माती खराब होते. फांद्या लावून रोपं करायला हाच काळ.

उन्हाळ्यात 50 टक्के सावली देणारी हिरवी जाळी दुपारच्या उन्हाला आडवी बांधा, विदर्भात तर मार्चपासूनच. मातीवर वाळक्या पानांचं दोन इंच आच्छादन, खोडापासून दोन बोटं लांब. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या की कडेच्या तापतात पण आतल्या गारव्यात राहतात.

गावी जाताना

आठवडाभराची सुट्टी असेल तर सगळ्या कुंड्या सावलीच्या भिंतीशी एकत्र करा, आदल्या दिवशी पोटभर पाणी द्या, वर आच्छादन घाला. पाण्याने भरलेली बादली स्टुलावर, कुंड्यांपेक्षा उंच ठेवा. सुती नाडीचे तुकडे ओले करून एक टोक बादलीच्या तळापर्यंत आणि दुसरं कुंडीतल्या मातीत तीन इंच खोचा. नायलॉनची दोरी पाणी ओढत नाही. बादलीवर ताट झाका, नाडीपुरती फट ठेवून, म्हणजे डास आणि उडून जाणारं पाणी दोन्ही अडतात. जायच्या दोन-तीन दिवस आधीच ही जोडणी करून बादलीतली पातळी रोज किती उतरते ते बघा. फार झपाट्याने उतरत असेल तर नाडी बारीक घ्या, उतरतच नसेल तर ती मधे कुठेतरी वाळलेली किंवा दबलेली असते.